'यावलच्या रानात ठेवलंय काय?'

गेल्या वर्षी मृगबागेची लागवड होऊन महिना झाला होता, तेव्हा मी यावल तालुक्यात चुलतभावाकडे गेलो होतो. आम्ही सगळे त्याला नाना म्हणतो. पहाटे त्याने मला उठवलं आणि चहाही न घेता शेतात नेलं. रात्री रानडुकरं येऊन गेली होती. टिश्यूकल्चरच्या रोपांच्या चार ओळी मुळासकट उकरलेल्या, कंद फोडलेले, ठिबकच्या नळ्या ओढून चावलेल्या. ओल्या मातीत खुरांचे ठसे अजून ताजे होते. एका रोपाला पंधरा-सोळा रुपये पडतात, वर खत, मजुरी, पाणी. नाना एक रोप हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिला, मग उत्तरेला सातपुड्याकडे हात करून म्हणाला, "रान पाहाले तू येतं. मले पाहाले रान येते." आणि मग पुढचं वाक्य, जे मी गेली दहा वर्षं लग्नाच्या पंगतीपासून सभेच्या मंचापर्यंत सगळीकडे ऐकतो आहे: "काय ठेवलंय त्या अभयारण्यात? वाघ नाही, पाहुणा नाही. मोकळं करून टाका आणि गरिबाले वाटून टाका."

हा लेख त्या वाक्याला उत्तर म्हणून लिहितो आहे. नानाचं नुकसान खरं आहे आणि त्याचा संतापही खरा आहे. पण त्याने काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. तो मान्य झाला तर सगळ्यांत आधी नानाचीच बाग उभी वाळेल.

सुरुवात पाण्यापासून करू, कारण रावेर-यावलची केळी पाण्यावर उभी आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचे कंटेनर परदेशी जातात, पण ती पिकते जमिनीखालून उपसलेल्या पाण्यावर. हे पाणी जमिनीखाली जातं कुठून? सातपुड्याचा डोंगर जिथे संपतो आणि तापीची काळी जमीन जिथे सुरू होते, त्यांच्यामध्ये काही किलोमीटर रुंदीचा गोटे, वाळू आणि मुरुमाचा एक पट्टा आहे. भूजलाचे अभ्यासक त्याला बझाडा म्हणतात. सुकी, मोर, गुळी, अनेर या नद्या डोंगरातून धावत येतात आणि या पट्ट्यात शिरल्या की जिरतात. आषाढात सुकी नदीच्या काठाने डोंगरापासून खाली चालत या. वर तिचा आवाज बोलणं ऐकू देत नाही, आणि थोडं खाली आलं की पायाखाली नुसते गोटे वाजतात. ते पाणी खाली गाळाच्या थरांत उतरतं. तापीकाठचा हा गाळ काही ठिकाणी शेकडो मीटर खोल आहे. नानाच्या वडिलांच्या विहिरीवर मी लहानपणी वाकून पाहिलं की पाण्यात माझा चेहरा दिसायचा. त्याच शेतातल्या बोअरमध्ये मोटर आता इतकी खोल गेली आहे की ती वर काढायला क्रेन लागते. उपसा बेसुमार झाला, हे खरंच. पण भरणा कुठून होतो, हा प्रश्न आपण कधी विचारलाच नाही.

भरणा होतो तो वरच्या रानामुळे. अंजन, सलई, धावडा, साग आणि त्यांच्याखालचं गवत पावसाचा मार अंगावर घेतात. पालापाचोळ्यातून पाणी हळूहळू झिरपतं, उशिरा सुटतं आणि स्वच्छ सुटतं. उतारावरची झाडं तोडून तिथे नांगर फिरवला की तेच पाणी दोन तासांत खाली येतं आणि माती घेऊन येतं. प्रत्येक केळीवाल्याला ठिबकचा सँड फिल्टर माहीत आहे. गढूळ पाणी आलं की वाळू गच्च होते, दाब पडतो, मग आपण बॅकवॉश करतो. बझाडा हा सातपुड्याने बसवलेला सँड फिल्टर आहे. त्याच्या गोट्या-वाळूतल्या फटींत बारीक गाळ बसला की पाणी जिरायचं थांबतं, आणि या फिल्टरला बॅकवॉश करायची सोय कोणाकडे नाही.

त्याच मुक्कामात दुपारी जोराचा पाऊस झाला. मी मोटारसायकल घेऊन पायथ्याशी गेलो आणि दोन नाल्यांतून पाण्याची एकेक बाटली भरली. एक नाला राखलेल्या रानातून येणारा, दुसरा अलीकडे झाडं तोडून मका पेरलेल्या उतारावरून येणारा. एकच पाऊस, मध्ये जेमतेम दोन-तीन किलोमीटरचं अंतर. रात्री त्या बाटल्या नानाच्या ओट्यावर ठेवल्या. सकाळी पहिलीत तळाला नखाएवढी माती होती. दुसरीत दोन बोटं चिखल बसला होता आणि वरचं पाणी अजूनही चहासारखं दिसत होतं. नानाने दुसरी बाटली उचलली, हलवली, परत ठेवली. काही बोलला नाही.

१० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी तापी मेगा रिचार्ज योजनेच्या करारावर सह्या केल्या. खर्च एकोणीस हजार कोटींहून अधिक. तापीचं पाणी कालव्यांनी याच बझाड्यावर नेऊन जिरवायचं, हा तिचा गाभा आहे. मी या योजनेच्या बाजूचा आहे. खानदेश कित्येक वर्षं तिची वाट पाहतो आहे. पण जे पुढारी या कालव्यांसाठी हार घेतात आणि त्याच आठवड्यात अभयारण्याच्या जमिनी मोकळ्या करण्याची भाषणं देतात, त्यांना मी विचारतो: खाली एकोणीस हजार कोटी ओतून जे करणार आहात, तेच काम वरचं रान एक पैसा न घेता करतं आहे. ते रान गेलं आणि बझाडा गाळाने बंद झाला, तर कालव्याचं पाणी जिरणार कुठे?

यावर कोणीतरी शिरपूरचं नाव घेतंच. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या कल्पनेतून २००४ पासून शिरपूर तालुक्यात नाले खोल-रुंद केले गेले, सिमेंटचे बंधारे बांधले गेले, करवंद धरणाचं पाणी कोरड्या विहिरींत सोडलं गेलं, आणि गावांना पाणी मिळालं. मग रानाची गरज काय, असा प्रश्न येतो. शिरपूरचं यश मला मनापासून मोलाचं वाटतं, पण करवंद धरणात पाणी येतं कुठून, तेही पाहायला हवं. अरुणावती नदीतून येतं, आणि अरुणावती सातपुड्यातून येते. बंधारा पाणी अडवतो, पण ते निवळ करत नाही. वरून गाळ आला की त्याचं पोट भरतं आणि दर काही वर्षांनी जेसीबी बोलवावा लागतो.

आता दुसरा मुद्दा: 'तिथे काही नाहीच.' यावल अभयारण्य १९६९ चं, सुमारे १७७ चौरस किलोमीटरचं. शिरपूर तालुक्यातलं अनेर धरण अभयारण्य १९८६ चं, त्याच्या निम्म्याहूनही लहान. चाळीसगावच्या दक्षिणेला डोंगरात गौताळा औट्रमघाट, तेही १९८६ चं. या तिसऱ्या नावात आपला सगळा इतिहास आहे. औट्रम म्हणजे जेम्स औट्रम, ज्याने १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभी केली. १८२५ ते १८३४ या काळात त्याच्या शिकारीच्या तोंडी गेलेल्या वाघांची संख्या त्याच्या चरित्रात १९१ दिली आहे. त्याच यादीत पुढे अस्वलं आहेत, बिबटे आहेत आणि रानम्हशीही आहेत. या दहा वर्षांच्या हिशेबात दिसणारं रानम्हशीसारखं जनावर आज खानदेशी माणसाला चित्रातसुद्धा ओळखता येणार नाही. एका साहेबाच्या दहा वर्षांत १९१ वाघ, आणि त्याच्यानंतर शंभर वर्षं साहेब, संस्थानिक, ठेकेदार, कोळसेवाले. तेव्हा 'रानात काही नाही' असं म्हणणाऱ्याने हेही सांगावं की होतं ते कुठे गेलं. घर लुटून झाल्यावर ते रिकामं आहे म्हणून पाडायला निघण्यासारखं हे आहे.

आणि ते रिकामंही नाही. रानपिंगळ्याची गोष्ट खानदेशातल्या प्रत्येक शाळेत सांगितली पाहिजे. हा छोटा पिंगळा १८७३ मध्ये शास्त्राला माहीत झाला. १८८४ मध्ये जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात त्याचा शेवटचा नमुना मिळवला, आणि मग तो नाहीसाच झाला. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज पक्षीतज्ज्ञाने आपल्या संग्रहातला नमुना १९१४ चा, गुजरातेतल्या मांडवीचा म्हणून लावला होता, त्यामुळे शोधणारे वर्षानुवर्षं भलतीकडे भटकत राहिले. तो नमुना चोरलेला आणि त्यावरची चिठ्ठी खोटी आहे हे पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी सिद्ध केलं. मग खऱ्या नमुन्यांचा माग काढत त्या आणि त्यांचे साथीदार १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये शहाद्याजवळ आले, आणि ११३ वर्षांनी तो पक्षी दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. यावलच्या रानातही रानपिंगळा राहतो. तो दिवसाढवळ्या निष्पर्ण फांदीवर बसतो, सरडे-उंदीर खातो, आणि घरट्यासाठी त्याला जुन्या झाडाची ढोली लागते. ढोली पडायला झाडाला कित्येक वर्षं जगावं लागतं. नवी रोपं लावून ढोली मिळत नाही. मध्य आणि पश्चिम भारतातल्या मोजक्या रानांत, मुंबईजवळच्या तानसासारख्या काही ठिकाणीही, हा पक्षी आहे, जगात दुसरीकडे कुठेही नाही. ज्याला 'काही नाही' म्हणतात, त्यात हे आहे.

वाघाचंही सांगतो. २०२१ च्या मार्चमध्ये गौताळ्यातल्या कॅमेऱ्यात एक वाघ आला. तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला होता आणि सुमारे ३३० किलोमीटर चालून आला होता. वाटेत शेतं होती, महामार्ग होते, गावं होती. आडोसा मिळाला तो अशाच 'निरुपयोगी' रानांच्या तुकड्यांत. मुक्ताईनगर तालुक्यात वढोद्याच्या रानातले वाघ तर लोकांनी केळीच्या बागांत पाहिले आहेत. पूर्वेला अंबाबारवा आणि मेळघाट, पश्चिमेला यावल, आणि मध्ये हे वढोदा. तिथे मुक्ताई-भवानी नावाने सुमारे १२२ चौरस किलोमीटरचं संवर्धन राखीव क्षेत्र झालं आहे. ही तरतूद कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आली. तिच्यात लोकांचे हक्क कायम राहतात आणि देखरेखीच्या समितीत प्रत्येक ग्रामपंचायतीचा माणूस असतो. मुक्ताईच्या नावाने राखलेलं रान असावं, याचा मला अभिमान वाटतो.

पण डुकराचं, बिबट्याचं काय? हा प्रश्न टाळणारा निसर्गप्रेमी मला आवडत नाही. २०१७ च्या हिवाळ्यात चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या पट्ट्यात बिबट्याने माणसं मारली. डिसेंबरमध्ये त्याला गोळी घालावी लागली. त्या दिवसांत त्या गावांत संध्याकाळी सहानंतर दार उघडं राहत नव्हतं. कापूस वेचायला बाई एकटी जात नव्हती. त्या घरांना कोणी 'निसर्गाचा समतोल' शिकवू नये. माणूस गेला तर सरकार आता २५ लाख देतं. पिकाचा पंचनामा मात्र अजून चकरा मारायला लावतो. नानाने एकदा अर्ज केला, दोनदा कार्यालयात गेला, तिसऱ्यांदा गेला नाही, कारण एका दिवसाची मजुरी आणि पेट्रोल मिळणाऱ्या भरपाईपेक्षा जड झालं. ही भरपाई महिन्याच्या आत, मोबाइलवरच्या फोटोवरून, बाजारभावाने मिळाली पाहिजे. रान राखण्याचा खर्च सगळ्या राज्याने उचलायचा असतो. तो पायथ्याच्या चार तालुक्यांतल्या शेतकऱ्यांच्या गळ्यात घालणं हा अन्याय आहे, आणि हा अन्याय चालू राहिला तर रानाच्या बाजूने बोलायला गावात कोणी उरणार नाही.

तरीही अभयारण्य मोडलं तर डुक्कर जाईल, हे खरं नाही. नानाच्या शेतात आलेली डुकरं सातपुड्यातून रोज पंधरा किलोमीटर चालून येत नाहीत. ती नाल्याच्या काटेरी झाडोऱ्यात, तापीच्या खोऱ्यातल्या घळींत आणि दाट केळीतच राहतात. तिथे बारमाही ओल आहे, सावली आहे, खायला आहे आणि मागे लागणारं कोणी नाही. उसात-केळीत जन्मलेल्या बिबट्याच्या पिल्लाने तर डोंगर पाहिलेलाही नसतो. वरचं रान तोडून तिथे मका आणि कापूस लावला तर डुकराला अजून हजारो एकर चारा मिळेल. वाघ-बिबट्याला रानात सावज उरलं नाही की तो खाली येतो. म्हणजे नानाने मागितलेला उपाय नानाच्याच कुंपणाशी येऊन उभा राहतो.

आता ज्यांना मी आपलं मानतो, त्यांनाही उत्तर द्यायचं आहे. शहरातले काही मित्र म्हणतात, आतली माणसं बाहेर काढा, रान आपोआप वाचेल. यावलच्या आत जामन्या, गाडऱ्या, उसमळीसारखी पावरा-बारेल्यांची वस्ती आहे, तडवी भिल्ल तर या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ ही तारीख ठरवली. त्याआधीपासून कसणाऱ्या आदिवासीचा हक्क आहे. अभयारण्यातूनही त्याला हलवायचं असेल तर आधी हक्क मान्य व्हायला हवेत, माणूस-जनावर एकत्र राहूच शकत नाहीत हे दाखवून द्यायला हवं, पुनर्वसन तयार हवं आणि ग्रामसभेची राजीखुशीची संमती हवी. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये लोकसंघर्ष मोर्चा या संघटनेच्या झेंड्याखाली आदिवासी ठाण्याहून मुंबईला आझाद मैदानावर चालत गेले, ते हे हक्क कागदावरून हातात यावेत म्हणून. ज्याचा दावा वर्षानुवर्षं लोंबकळत ठेवला आहे, त्याला चोर म्हणायचा अधिकार कोणाला नाही. मात्र त्या तारखेनंतर टोळ्यांनी येऊन एका रात्रीत शंभर झाडं पाडणं हे वेगळं आहे. त्यामागे पैसा लावणारे बहुधा डोंगरात राहतही नाहीत. या दोघांना एकाच शब्दाने 'अतिक्रमणवाले' म्हटलं की फायदा दुसऱ्याचा होतो.

आणि माणसं राहूनही रान वाचतं, याचा पुरावा धुळे जिल्ह्यातच आहे. साक्री तालुक्यातलं बारीपाडा पस्तीसेक वर्षांपूर्वी उजाड होतं. चैत्राम पवार आणि त्यांच्या गावकऱ्यांनी कुऱ्हाडबंदी केली, तोडणाऱ्याला दंड लावला, पाळीने राखण केली. आज ते अकराशे एकरांचं रान आहे. २००४ पासून तिथे वनभाज्यांचा उत्सव भरतो. बाया आपल्या हाताने शिजवून मांडलेल्या भाज्यांची नावं सांगतात, आणि त्यातली निम्मी माझ्यासारख्याला ठाऊक नसतात. २०२५ मध्ये चैत्राम पवारांना पद्मश्री मिळाली. धुळे तालुक्यातल्या लामकानीत डॉ. धनंजय नेवाडकर आणि गावाने चराईबंदी पाळून उजाड माळावर गवत परत आणलं.

मग अभयारण्य हवंच कशाला, बारीपाडाच पुरे, असंही कोणी म्हणेल. ते पुरत नाही. एका गावाची एकजूट एका गावाचं रान राखते. मध्य प्रदेशच्या सीमेला चिकटलेल्या १७७ चौरस किलोमीटरांवर उद्या खाण, रस्ता किंवा डावं-उजवं करून वाटप आलं, तर त्याला थांबवणारा कायदा लागतो. अभयारण्याची हद्द बदलायची तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. ही अट नसती तर यावलचं रान एव्हाना एखाद्या निवडणुकीत वाटून संपलं असतं. कायद्याची भिंत आणि गावाची राखण, दोन्ही लागतात. यावलमध्ये भिंत आहे, पण राखणीसाठी गावाला कोणी बोलावलेलं नाही.

त्याची खूण सलईच्या झाडावर दिसते. त्या पावसाळ्याआधी मी असं एक झाड पाहिलं. कमरेएवढ्या उंचीवर कुऱ्हाडीने तीन हात लांब साल काढलेली, त्यावर नव्या घावांवर नवे घाव, आणि मेणासारखा पिवळट डिंक ओघळून मातीपर्यंत आलेला. बोटाला लावून वास घेतला तर देवघरातल्या धुपासारखा. योग्य खाच दिली आणि विश्रांती दिली तर सलई वर्षानुवर्षं डिंक देते आणि जगते. इथे तिला मरेपर्यंत पिळलं होतं. ज्या पोराने तो घाव घातला असेल त्याला दिवसाचे चार पैसे मिळाले असतील. ढीग भरून नेणारा मालक वेगळा. डिंकाचा हक्क त्या पोराच्या ग्रामसभेकडे असता, तर त्याच पोराने त्या झाडापाशी दुसऱ्याची कुऱ्हाड अडवली असती, अशी माझी खात्री आहे.

दिवाळीत नानाचा फोन आला. घरच्यांची चौकशी झाली, केळीचा भाव सांगून झाला, कुंपणाला झटका मशीन बसवल्यापासून डुकरं कमी आहेत हेही झालं. मग तो जरा थांबला आणि म्हणाला, "ते दुसऱ्या बाटलीतलं पाणी कोणत्या नाल्याचं होतं?" मी खुणा सांगितल्या: फरशी पूल, पलीकडे एक मोठी चिंच, वर नवा मका. फोनवर बराच वेळ आवाज आला नाही. तो नाला त्याच्या चांगलाच ओळखीचा होता. त्याच्या बोअरच्या वर जिरतो तो तोच.